शेजाऱ्याचे अक्षर

दरवर्षी १९ ते २५ नोव्हेंबर हे दिवस आपल्या देशात कौमी एकता सप्ताह म्हणून पाळले जातात. शाळाशाळांतून भित्तिपत्रकांच्या स्पर्धा होतात. ही पत्रके पाहण्याचा, त्यांना गुण देण्याचा आणि सप्ताह संपला की ती गुंडाळून कपाटात ठेवण्याचा योग आम्हांस गेली अनेक वर्षे येत आला आहे. चित्रांतील कल्पना बहुधा ठराविक असतात. निरनिराळ्या धर्मांची चिन्हे धारण केलेली चार मुले हातात हात घालून उभी असतात. वर एखादे पांढरे कबूतर असते. आणि खाली ठळक अक्षरांत ‘आपण सारे एक’ अशा अर्थाचे घोषवाक्य असते. मुलांच्या मनाचा निर्मळपणा त्यांत उतरलेला असतो, याविषयी शंका नाही. परंतु एक गोष्ट आम्हांस नेहमी खटकते. हात चौघांचे गुंफलेले असतात. घोषवाक्य मात्र एकाच्याच लिपीत असते. ज्यांच्याविषयीचा स्नेह व्यक्त करावयाचा, त्यांच्या अक्षरांना त्या कागदावर जागा नसते. पत्र लिहावयाचे शेजाऱ्याला आणि ते ठेवून घ्यावयाचे आपल्याच कोनाड्यात, असा हा प्रकार होय.

या महिन्यात वाचकांशी थोडे याच विषयावर बोलावे असे मनात आहे. विषय वरवर पाहता लहान आहे. पाटी, भित्तिपत्रक आणि त्यांवरील अक्षरांची मांडणी, एवढाच तो. पण आपण ज्या आदिलाबाद जिल्ह्यात राहतो, तेथे बाजारपेठेतून शंभर पावले चालले तरी तेलुगू, देवनागरी, उर्दू आणि इंग्रजी अशा चार लिपी डोळ्यांखालून जातात. आणि गोंडी बोलणाऱ्यांची लिपी बहुधा त्यांत नसतेच. कोणाचे अक्षर मोठे, कोणाचे लहान, कोणाचे मुळीच नाही, हे वाटसरूला न सांगता समजते. समाजात कोणाला बसावयास पाट मिळतो आणि कोणाला उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागते, याचे ते सर्वांत उघड चित्र असते.

लेखन ही वाचणाऱ्याची सेवा आहे, हा विचार मराठीला परका नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर सुटसुटीत व डौलदार असावे, पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत ते एकसारखे उतरावे, पानाच्या कडेला मोकळी जागा राखावी, असा बारीकसारीक उपदेश तेथे आहे. त्यातील एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. तरुणपणी उमेदीच्या भरात माणूस बारीक अक्षर लिहितो, पण म्हातारपणी ते कामी येत नाही. यास्तव अक्षर मध्यम आकाराचे ठेवावे, असे समर्थ बजावतात. लेखणी हाती घेतानाच थकलेल्या डोळ्यांची आठवण ठेवणे, याला दया म्हणावयाचे नाही तर दुसरे काय? ज्या परंपरेने वृद्ध डोळ्यांची एवढी काळजी वाहिली, तिला परभाषी डोळ्यांची काळजी वाहणे जड जाऊ नये.

तथापि ते जड जाते, याचा दाखला फार लांबचा नाही. आपल्या सीमेपलीकडे वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यात पातूर हे गाव आहे. तेथील नगर परिषदेच्या पाटीवर परिषदेचे नाव मराठीत आणि त्याखाली उर्दूत लिहिलेले होते. उर्दूचा हा वापर तेथे १९५६ पासून चालत आलेला. एका माजी नगरसेविकेने त्यास हरकत घेतली. २०२० साली नगर परिषदेने बहुमताने ही हरकत फेटाळली. जिल्हाधिकाऱ्यांनी ती मान्य केली. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय फिरविला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले आणि अखेर सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशु धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी निकाल दिला. महाराष्ट्राच्या २०२२ च्या कायद्याप्रमाणे स्थानिक संस्थांच्या कारभारात मराठी अनिवार्य आहे. पण मराठीच्या जोडीला दुसरी भाषा लिहू नये असे तो कायदा कोठेही म्हणत नाही, हा त्याचा कायदेशीर गाभा. त्यापुढे जाऊन न्यायालयाने सांगितले की, भाषा म्हणजे धर्म नव्हे. भाषा ही एखाद्या प्रदेशाची, तेथील लोकांची असते. आणि तिचे पहिले काम एकमेकांना समजावून सांगणे हे आहे. गावात उर्दू वाचणारे लोक असतील तर त्यांना ती पाटी वाचता यावी, यापलीकडे तीत काही नव्हते.

एका पाटीवरील एका ओळीसाठी पाच वर्षे वाद चालावा, याचे कोणी हसे करील. आम्हांस ते हसण्यावारी नेण्यासारखे वाटत नाही. पाटी ही क्षुल्लक वस्तू असती तर ती खाली उतरविण्यासाठी कोणी देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत गेले नसते. ती ओळ पुसली गेली असती तर पातूरच्या उर्दू वाचणाऱ्या रहिवाशांचा कर कमी झाला नसता की नळाचे पाणी बंद झाले नसते. मग गेले काय असते? नगर परिषदेच्या दारात उभे राहून ‘हे कचेरीचे दार माझ्यासाठीही आहे’ असे मनाशी म्हणण्याची सोय गेली असती.

आता आपल्याकडे वळू. येथील जुन्या मराठी घरांना उर्दूचे वावडे असण्याचे कारण नाही. निजामाच्या राज्यात उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. आमच्या आजोबांच्या पिढीतील कित्येक मराठी माणसांची वकिली, मास्तरकी आणि पाटीलकी या लिपीवर चालली. जुन्या पेट्या उघडल्या तर मोडीतले आणि उर्दूतले कागद एकाच रुमालात बांधलेले सापडतात. शिवाय ज्या साधनांनी भित्तिपत्रक करावयाचे त्यांची नावे तरी पाहा. कागद, कलम, शाई, दौत, आणि ज्याला आपण जाहिरात म्हणतो तो शब्दही, हे सारे अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आलेले आहेत. उर्दूला पाटीवर जागा नको असा अर्ज ज्याला करावयाचा आहे, त्यालाही तो याच कागदावर, याच शाईने लिहावा लागेल.

याची दुसरी बाजूही आपण विसरता कामा नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. उरलेला आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि २ जून २०१४ पासून तो तेलंगणात आहे. त्या दिवसापासून येथे आपली मराठी ही धाकट्या जावेसारखी आहे. घरातलीच, पण किल्ल्या तिच्या हाती नाहीत. दवाखान्यात, बसस्थानकावर, तहसील कचेरीत देवनागरीतली मराठी ओळ दिसली की आपल्या वृद्ध माणसांचा चेहरा उजळतो आणि ती नसली की तो गोंधळतो, हे आपण पाहिले आहे. येथे तेलुगू शेजाऱ्याने आपल्यासाठी जी ओळ लिहावी अशी आपली अपेक्षा आहे, तीच ओळ पातूरला उर्दू शेजारी मागत होता. एक मागणी रास्त आणि दुसरी आगळीक, असे आपणांस म्हणता येणार नाही.

आणि या उतरंडीत आपल्याही खाली ज्यांना ठेवले गेले, त्या गोंड बांधवांचे काय? २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे देशभरात सुमारे तीस लाख लोक होते. त्यांच्या मुलांना त्यांच्या भाषेत वाचावयास शिकविण्याचा एक ठळक प्रयत्न आपल्याच जिल्ह्यात झाला. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षकांना तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. त्यासाठी गोंडी भाषेची वाचनपुस्तके तयार झाली आणि ती देवनागरी लिपीत होती, कारण या भागातील गोंडांना मराठीचा परिचय होता. म्हणजे आपल्या बाळबोध अक्षराने एकेकाळी शेजाऱ्याच्या भाषेला आपला खांदा दिला. आपल्या लिपीच्या इतिहासातील हे पान कोणत्याही ताम्रपटाइतके अभिमानाचे आहे.

पुढे याच जिल्ह्यातील गुंजाळा या गावी गोंडीची स्वतंत्र लिपी जपणारी हस्तलिखिते असल्याचे हैदराबाद विद्यापीठाच्या अभ्यासकांनी प्रा. जयधीर तिरुमल राव यांच्या नेतृत्वाखाली उजेडात आणले. ही लिपी वाचू शकणारी मोजकी वृद्ध माणसे तेव्हा त्या गावात होती. तिची वर्णमाला आपल्यासारखी ‘क’ने सुरू होत नाही, तिच्या व्यंजनांत पहिला ‘य’ येतो. जून २०१८ मध्ये ‘गुंजाळा गोंडी’ या नावाने ही लिपी युनिकोड या जागतिक संगणकीय संकेतावलीत दाखल झाली, आणि एका खेड्यातील पोथीत निजलेली अक्षरे संगणकाच्या पडद्यावर उमटू लागली. ‘त्यांना लिपीच नाही, मग पाटीवर लिहावयाचे काय?’ ही सबब आता आदिलाबादेत तरी कोणास सांगता यावयाची नाही.

अनेक लिपी एका कागदावर आणावयाच्या म्हटले म्हणजे मांडणीचे प्रश्न उभे राहतात, आणि स्नेहाची परीक्षा तेथेच होते. देवनागरीला शिरोरेषेचा आधार. तिच्या मात्रा वर चढतात आणि उकार खाली उतरतात. तेलुगूला शिरोरेषा नाही; तिच्या गोलसर अक्षरांवर ‘तलकट्टु’ नावाची लहानशी खूण असते आणि जोडाक्षरातील दुसरे व्यंजन खाली लोंबते. उर्दूचे नस्तालीक वळण उजवीकडून डावीकडे, वरून खाली उतरत जाते; त्याला उंची अधिक लागते. तेव्हा चारही ओळी एकाच मापाच्या टाइपात टाकल्या की झाली समानता, असे नव्हे. मापाने समान असलेली अक्षरे डोळ्यांना असमान दिसतात. उर्दू बारीक आणि दाटलेली वाटते. ज्याला समानता खरोखर हवी आहे, त्याने चारही ओळी लांबून पाहून, जिचे अक्षर लहान दिसते तिला थोडे मोठे करावे. घरातील सर्व मुलांना एकाच मापाची चप्पल आणणारा बाप न्यायी ठरत नाही.

या बाबतीत मुंबईतील ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेले काम मुद्दाम सांगण्यासारखे आहे. ‘बालू’ नावाचा एक गुबगुबीत, हसऱ्या वळणाचा टाइप त्यांनी देवनागरीसाठी केला आणि त्याच चणीची भावंडे इतर भारतीय लिपींसाठी घडविली. उर्दूचा टाइप तो ‘भाईजान’, तेलुगूचा ‘तम्मुडु’, गुजरातीचा ‘भाई’, बंगालीचा ‘दा’, पंजाबीचा ‘पाजी’, तमिळचा ‘तंबी’. प्रत्येक नावाचा अर्थ त्या त्या भाषेत भाऊ असाच. हे टाइप कोणालाही विनामूल्य वापरता येतात. एकतेवर व्याख्यान न देता ती अक्षरांच्या वळणात उतरविण्याचा हा प्रकार आम्हांस फार भावला.

दुसरे उदाहरण तर प्रत्येकाच्या खिशात आहे. रुपयाच्या नोटेवर मागील बाजूस एक भाषापट्टी असते. तीत पंधरा भाषांत त्या नोटेची किंमत लिहिलेली असते. हिंदी आणि इंग्रजी तेवढ्या वेगळ्या. पंधराही ओळी सारख्या मोलाच्या, आणि त्यांचा क्रम भाषांच्या इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने लावलेला. म्हणून मराठी मध्ये आली, उर्दू शेवटी आली, तरी कोणी रुसत नाही. कारण क्रम मानाचा नाही, नियमाचा आहे. सार्वजनिक पाटी करणाऱ्याने हा धडा गिरवावा. आधी सर्वांना पटेल असा नियम ठरवावा आणि मग ओळी लावाव्यात.

रंगांविषयी एक सूचना करावीशी वाटते. भित्तिपत्रकात उर्दू ओळ हटकून हिरव्या आणि देवनागरी ओळ हटकून भगव्या रंगात रंगविण्याची खोड आपल्या मुलांना लागली आहे. हेतू वाईट नसतो. परंतु ज्या क्षणी आपण लिपीला धर्माचा रंग देतो, त्या क्षणी जो समज पुसण्यासाठी पत्रक काढले तोच आपण गडद करतो. उर्दूत लिहिणारे हिंदू लेखक थोडेथोडके झाले नाहीत. मराठी ही घरची भाषा असलेले मुसलमान आपल्या गावोगावी आहेत. सर्व ओळींना एकच शाई असावी.

हे सारे नुसते पंतोजीचे बोलणे वाटू नये म्हणून आमच्या शाळेतील एक लहानसा प्रयोग सांगतो. गेल्या मार्चअखेर मुलांनी शाळेच्या कुंपणाबाहेर, बाजारकऱ्यांसाठी पाण्याचे दोन रांजण ठेवले. ‘एकता’, ‘बंधुभाव’ असे मोठे शब्द यंदा नकोत, रांजणावर फक्त पाण्याची पाटी असावी, असे ठरले. मराठीत ‘पाणी प्या’ लिहिताना ‘पी’ नव्हे, ‘प्या’ लिहावयाचे, हे एका मुलीने सांगितले. मग तेलुगूतही ‘तागु’ नव्हे, आदराचे ‘तागंडि’ हवे, हे ओघानेच आले. उर्दू ओळ मुलांनी एका नमुन्यावरून चित्रासारखी उतरवून काढली. दुपारी सायकल दुरुस्त करणारे एक चाचा पाणी पिण्यास थांबले आणि पाटी पाहून मोठ्याने हसले. उर्दूत ‘पे’ या अक्षराखाली तीन नुक्ते असतात. मुलांनी एकच दिला होता, त्यामुळे ‘पानी’चे ‘बानी’ झाले होते. चाचांनी ब्रश मागून घेतला, दोन नुक्ते टेकविले आणि अक्षर कसे जोडावयाचे हे मुलांना फळ्यावर दाखवून मगच ते दुकानाकडे गेले. त्यानंतरच्या बाजारांना ते स्वतःच रांजण भरलेले आहेत की नाहीत, याची चौकशी करू लागले.

गोंडी ओळीचा प्रश्न वेगळा होता. पाण्याला गोंडीत ‘येर’ म्हणतात; तो शब्द देवनागरीत लिहिला तर पुष्कळांना वाचता येईल, असे बहुतेकांचे मत पडले. वर्गातील गोंड मुलाने मात्र गुंजाळा लिपीचा आग्रह धरला. ‘तुझी आजी ती लिपी वाचते का?’ असे कोणी तरी विचारले. तो म्हणाला, ‘आजीला कोणतीच लिपी येत नाही. पण आमची अक्षरे पाटीवर आहेत, हे तिला दिसेल ना!’ यावर वाद संपला. वर गुंजाळा लिपीत आणि खाली देवनागरीत, असे दोन्हीकडून ‘येर’ लिहिले गेले. बाजाराच्या दिवशी ती वृद्ध बाई पाटीपाशी बराच वेळ उभी होती, एवढे आम्ही पाहिले.

कोणी म्हणेल, अशा पाट्यांनी दंगे थांबतात काय? थांबत नाहीत. अफवेने पेटलेला जमाव भित्तिपत्रक वाचावयास थांबत नाही, हे आम्हीही जाणतो. आणि ज्या पाटीखाली पाण्याचा रांजण नाही, ती पाटी चार काय, चौदा लिपींत असली तरी पोकळच होय. पण दंगा नसलेले दिवस वर्षात पुष्कळ असतात. माणसांची एकमेकांविषयीची मते त्याच दिवसांत बनत असतात. रोज येता-जाता ज्याचे अक्षर डोळ्यांना सवयीचे झाले, त्याच्याविषयीची भीती थोडी तरी ओसरते. चाचांचे दोन नुक्ते मुलांच्या लक्षात राहतील. घोषवाक्य राहील की नाही, सांगता येत नाही.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता लग्नसराईचे बेत ठरत असतील. पत्रिका मराठीत आणि तेलुगूत छापण्याची चाल आपल्याकडे आहेच. ज्यांच्या शेजारी उर्दू वाचणारे कुटुंब आहे, त्यांनी निदान त्या घरच्या पत्रिकेवर त्यांचे नाव त्यांच्या अक्षरांत लिहवून घ्यावे. गणेशोत्सवाच्या मंडपाबाहेर वाहने कोठे लावावीत आणि पाणी कोठे आहे, हे सांगणारी पाटी गावातील सर्व लिपींत असावी. मजकूर त्या भाषेत वाढलेल्या माणसाकडून तपासून घ्यावा. यंत्राने केलेल्या भाषांतरावर विसंबू नये. त्या निमित्ताने शेजाऱ्याचे दार एकदा तरी ठोठवावे लागेल. चहा तो पाजीलच.